रेझ्युमे मुलाचा, लाज आपली

रेझ्युमे मुलाचा असतो आणि मला पाठवतात वडील. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, खाली ओळ : "मॅडम, जरा नजर टाकाल का? मधला गॅप उठून दिसू नये, एवढंच बघा." मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, शेजारच्या खोलीत बसलेला. त्याला ठाऊकही नसतं की आपला कागद गावभर फिरतोय.

माझी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात गेली. पुढे त्या खात्याला एचआर म्हणायला लागले, काम तेच राहिलं : अर्जांचे गठ्ठे वाचायचे. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीतल्या मुलांचे रेझ्युमे बघून देते. मुलांशी काय बोलायचं ते बोलतेच, आज जरा तुम्हा पालकांशी बोलायचं आहे.

आधी किरकोळ गोष्टी उरकून टाकू. आपल्याकडचे बहुतेक रेझ्युमे एकाच साच्यातून निघतात. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', त्यात आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावायची इच्छा. मग दहावी, बारावी, पदवीचं टेबल. मग स्ट्रेंग्थ्स : हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेअर. हॉबीज : वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणं. शेवटी वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित, सोसायटीच्या विंगसकट पत्ता आणि वरील सर्व माहिती खरी असल्याची ग्वाही. लग्नाच्या बायोडेट्यातलं गोत्र आणि नाड तेवढी गळालेली असते, बाकी सगळं तेच. यातलं ऑब्जेक्टिव्ह, हॉबीज, वडिलांचं नाव आणि लग्नाचा रकाना काढून टाकायला सांगा. पत्ता 'कोथरूड, पुणे' एवढा पुरतो. आधार क्रमांक रेझ्युमेवर कधीही घालू नये. नोकरीच्या नावाखाली डिपॉझिट मागणारे लोक अशा कागदांवरच जगतात. आणि मोबाइल नंबर मुलाचा असू द्या. कंपनीतून फोन आला की वडील उचलतात आणि "तो आंघोळीला गेलाय, मला सांगा ना" म्हणतात. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं पुष्कळदा ऐकलंय. त्या उमेदवाराबद्दल पुढे काय मत होत असेल, ते तुम्हीच ओळखा.

आता मुद्द्याचं. रेझ्युमेत जमेच्या बाजू पुढे आणाव्यात, कमकुवत बाजू मागे ठेवाव्यात, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण कमकुवत काय, हे ठरवतं कोण? मला जे दिसतं ते असं : मुलं रेझ्युमेत नेमकं तेच लपवतात, ज्याची घरात लाज वाटते. कंपनीला ज्याचं काही वाटत नाही अशा गोष्टींवर पांघरूण पडतं, आणि कंपनीला ज्याचं कौतुक वाटलं असतं त्या गोष्टी घरात कुणी मोजलेल्याच नसतात म्हणून कागदावर येतच नाहीत.

पुण्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडून पोरं स्पर्धा परीक्षांच्या तयारीला येतात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, अभ्यासिकेतल्या ठरलेल्या खुर्चीवर रात्री उशिरापर्यंत बसतात. कोथरूड-सिंहगड रस्त्यावरच्या घरांतली मुलंही त्यांच्यातच असतात. अर्ज लाखांनी येतात, जागा काही शेकड्यांत. चार-पाच वर्षांनी बहुतेकांना दुसरी वाट धरावी लागते, आणि मग मुलगा बसतो रेझ्युमे लिहायला. पदवी २०१९ ची, रेझ्युमे २०२५ चा. मध्ये काय?

या मधल्या काळाबद्दल घरात एक हिशेब मांडलेला असतो : वर्षं वाया गेली. पण त्या वर्षांत काय झालं ते आठवून पाहा. ५ एप्रिल २०२० ला होणारी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा कोरोना आणि पुढच्या गोंधळात ढकलत ढकलत अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. त्याच महिन्यात ती आणखी एकदा पुढे ढकलल्याचं कळलं तेव्हा पोरं नव्या पेठेत रस्त्यावर उतरली होती. मुख्य परीक्षेला वर्णनात्मक पद्धत लगेच लागू करू नका म्हणून २०२३ च्या सुरुवातीला अलका चौकात आंदोलन झालं आणि ती पद्धत २०२५ वर गेली. २०२४ च्या ऑगस्टमधली पूर्वपरीक्षा अशीच डिसेंबरवर ढकलली गेली. म्हणजे आपण मुलाच्या खात्यावर टाकलेल्या वर्षांतले कितीतरी महिने खरं तर वेळापत्रकाच्या खात्यावरचे आहेत. रेझ्युमेत हे गाऱ्हाणं लिहायचं नसतं, ती जागा त्याची नव्हे. पण तुम्हाला ते माहीत असलं, तर जेवताना तुमचा सूर वेगळा लागेल.

हा गॅप बुजवायला घरात एक तोडगा निघतो. मामाचा छोटा व्यवसाय असतो, काकांच्या मित्राची फर्म असते. त्यांच्या लेटरहेडवर दोन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर येतं. त्यात कुणाला फारसं पाप वाटत नाही, "सगळेच करतात" हे वाक्य तयार असतं. मी टेबलाच्या पलीकडून सांगते, असं पत्र कसं पकडलं जातं. पगार दिला म्हटलं की पगाराची स्लिप, बँक खात्यातली नोंद, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आला. २०१४ पासून हा क्रमांक माणसाबरोबर एका नोकरीतून दुसरीत जातो. कुठल्या कंपनीत कोणत्या तारखेला लागलात आणि कधी सोडलंत, ते त्यात दिसतं. लहान फर्मला निधीचा कायदा लागू नसेल, तर पडताळणी करणारी संस्था फर्मला फोन लावते आणि मामांना भाच्याचं नेमकं काम सांगता येत नाही. आणि हे सगळं घडतं मुलगा रुजू झाल्यावर, कधी दोन-तीन महिन्यांनी. तोवर पेढे वाटून झालेले असतात. नोकरी जाते आणि पुढच्या प्रत्येक रेझ्युमेत आणखी एक भोक पडतं. त्याच्यापुढे आधीचा गॅप परवडला म्हणायची वेळ येते.

त्याऐवजी त्या जागी जे घडलं ते लिहावं. समजा असं : 'जुलै २०२० ते डिसेंबर २०२४, पुणे. राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी. पूर्वपरीक्षा दोन वेळा उत्तीर्ण. याच काळात अभ्यासिकेतल्या नव्या मुलांना अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचे विषय शिकवले. मेसच्या चाळीस जणांचा मासिक हिशेब ठेवला.' चार ओळी, खऱ्या आणि तारखांसह. वाचणाऱ्याच्या डोक्यातला 'हा चार वर्षं कुठं होता' हा प्रश्न तिथंच मिटतो. या मुलाला आर्थिक पाहणी अहवाल वाचता येतो, राज्यघटना आणि पंचायत राज माहीत आहे, मराठीत सलग तीन पानं न अडखळता लिहिता येतात. शैक्षणिक मजकूर तयार करणाऱ्या कंपन्या, सामाजिक संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग, पतसंस्था, सरकारी योजनांची कंत्राटी कामं घेणाऱ्या सल्लागार कंपन्या अशा ठिकाणी हे ज्ञान लागतं. पदवीचा अभ्यास विसरलेल्या इंजिनिअरनं पुन्हा कोडिंगच्या नोकरीमागे धावण्यापेक्षा आधी इथं अर्ज करावा असं माझं मत आहे. काहींना ते पटत नाही. त्यांना वाटतं, मी मुलाला खालच्या पायरीवर उतरवतेय.

पूर्वपरीक्षा एकदाही निघाली नसेल तर? तर 'पूर्णवेळ तयारी' एवढंच लिहावं. निघाली नाही, हे लिहायची सक्ती नाही. ही रेघ मुलांना आणि आपल्यालाही नीट कळायला हवी. रेझ्युमे हा आपण स्वतः मांडलेला कागद आहे. त्यात काय घ्यायचं, काय वगळायचं, कशाला किती जागा द्यायची, याचं स्वातंत्र्य पूर्ण आपलं. कंपनीचा फॉर्म वेगळा. त्यात 'बॅकलॉग आहे का', 'शिक्षणात खंड आहे का', 'याआधी नोकरीवरून काढलं आहे का' असे थेट रकाने असतात आणि तिथं खरंच लिहावं लागतं. मुलाखतीत समोरच्यानं विचारलं तरी तेच. न विचारलेलं न सांगणं चालतं. विचारल्यावर खोटं सांगणं चालत नाही. यांच्या मधलं, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज व्हावा अशा बेतानं लिहिलेलं वाक्य, हे जवळजवळ खोटंच. सेमिनारला हजेरी लावली होती आणि लिहिलं 'सर्टिफाइड', हे त्यातलंच.

अमेरिकेतल्या एमआयटीत मॅरिली जोन्स नावाच्या बाई प्रवेश विभागाच्या प्रमुख होत्या. मुलांनी आणि विशेषतः पालकांनी अर्ज फुगवू नयेत, जसे आहात तसे समोर या, असं त्या सांगत फिरायच्या. त्यावर त्यांचं पुस्तकही निघालं होतं. २००७ साली उघड झालं की त्यांनी स्वतःच्या नावापुढे लावलेल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्याच. अठ्ठावीस वर्षांची नोकरी सोडावी लागली. मला यात सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. १९७९ मध्ये त्या ज्या पदावर लागल्या, त्याला बहुधा पदवीची अटच नव्हती. जिथं खोटं बोलायची गरज नव्हती तिथं त्या बोलल्या, आणि पुढे वर चढताना ते पुसायचं धाडस त्यांना झालं नाही. मामांचं पत्र आणताना हे आठवावं.

मार्कांकडे येऊ. इंजिनिअरिंगच्या घरांत 'केटी लागली', 'वायडी झाला' हे शब्द दार लावून उच्चारले जातात. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या कंपन्या दहावीपासून सलग साठ टक्के मागतात, हे खरं आहे. तिथं कुठलीही शब्दकळा चालत नाही, कारण पहिली चाळणी माणूस लावत नाही, संगणक लावतो. तिथं डोकं आपटू नये. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत लहान-मध्यम कारखाने पसरलेत, खराडी-बाणेरला वीस-तीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. तिथं रेझ्युमे अजून माणूस वाचतो. अशा माणसासाठी मांडणी बदलता येते. मार्कांचं टेबल खाली न्यायचं, वर यायला हवं काम : शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, अ‍ॅप्रेंटिसशिप, कुठल्या मशिनवर किती महिने हात बसलाय, कुठलं सॉफ्टवेअर स्वतः चालवता येतं. पहिल्या वर्षी ५.८ आणि शेवटच्या वर्षी ८.१ सीजीपीए असेल, तर दोन्ही लिहा. त्यात घसरण्याची गोष्ट दिसत नाही, सावरण्याची दिसते. सीजीपीएचे टक्के मात्र विद्यापीठानं दिलेल्या सूत्रानंच काढायचे, सोयीच्या सूत्रानं नाही.

मांडणीचं महत्त्व पटवायला मी मुलांना लिओनार्दो दा विंचीचं पत्र सांगते. साधारण १४८२ च्या सुमारास त्यानं मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला नोकरीसाठी पत्र लिहिलं. एकामागून एक मुद्दे : हलके पूल बांधीन, वेढा घातलेल्या किल्ल्याच्या खंदकातलं पाणी काढीन, तोफा करीन, चिलखती गाड्या करीन. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता. मिलानला लढाईची चिंता होती, चित्रांची नव्हती, म्हणून वाचणाऱ्याला जे हवं ते आधी आलं. आणि एक गोष्ट त्यानं लिहिलीच नाही : फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाचं मोठं चित्र तो अर्धवट टाकून निघाला होता. ते काम त्याला बहुधा वडिलांच्या ओळखीनं मिळालं होतं, पालकांनी याचीही नोंद घ्यावी. लिओनार्दोनं पत्रात मारलेल्या काही फुशारक्या त्याला पुढे सिद्ध करता आल्या का, हा प्रश्न आहेच. म्हणून त्याच्याकडून क्रम तेवढा शिकावा.

दुसरी गोष्ट जाहिरातीतल्या अटीची, आणि ती आपल्याच पुण्याची आहे. तुम्ही ऐकली असेलच, तरी सांगते. १९७४ साली टेल्कोची इंजिनिअरांसाठी जाहिरात आली. महिलांनी अर्ज करू नयेत, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवून याचा जाब विचारला. बोलावणं आलं, मुलाखत पुण्यात झाली, नोकरी मिळाली. प्रत्येकानं चेअरमनला पत्र लिहावं असं मी म्हणत नाही. मला त्यात एवढंच दिसतं की जाहिरातीनं ज्याला अपात्रता ठरवलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही आणि त्याबद्दल ओशाळल्याही नाहीत. हे घरून येतं. मराठी माध्यम, खेड्यातली शाळा, वडिलांची रिक्षा, आईचं पोळी-भाजी केंद्र यांना आपण घरात कसं संबोधतो, ते मुलांच्या खांद्यांत दिसतं.

आणि आता घरात न मोजलेल्या गोष्टी. एका मुलीच्या रेझ्युमेत अनुभवाचा रकाना कोरा होता. आई सहज म्हणाली, "हिच्या बाबांच्या बायपासच्या वेळी सगळं हिनंच बघितलं." म्हणजे काय बघितलं, ते विचारत गेले. मेडिक्लेमचे कागद, नाकारलेला दावा पुन्हा दाखल करणं, रोज रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवर उभं राहून खर्चाचा तपशील जुळवणं, धाकट्या भावाची दहावी. ती विमा क्षेत्रातल्याच नोकरीसाठी अर्ज करत होती! घरचं दुखणं कागदावर मांडायचं नव्हतं, ते बरोबरच. पण 'आरोग्य विम्याच्या दाव्याची प्रक्रिया, कागदपत्रं आणि फेरदाखल यांचा प्रत्यक्ष अनुभव' ही ओळ तिच्या रेझ्युमेत आली आणि मुलाखतीत प्रश्न त्या ओळीवरच आले.

असंच ढोल-ताशा पथकाचं. पावसाळ्यात नदीपात्राकडून सराव ऐकू यायला लागला की आपण वैतागतो, "अभ्यास सोडून ढोल बडवतोय" म्हणतो. पण मुलगा दीड-दोनशे वादकांची हजेरी, ढोलांची पानं, टेम्पो, पोलिसांची परवानगी, वर्गणीचे पैसे सांभाळत असेल, तर 'हॉबी : संगीत' लिहून त्यानं स्वतःवर अन्याय केला आहे. पुरुषोत्तम करंडकाला विंगेत उभं राहून मोजक्या मिनिटांत सेट लावणारी मुलगी, वारीत एनएसएसबरोबर गेलेला मुलगा, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरांचा हिशेब ठेवणारा मुलगा, सगळे 'टीम प्लेअर' असं लिहून मोकळे होतात. काय केलं, किती जणांबरोबर, कधीपासून, शेवटी काय झालं, हे लिहा म्हणावं. मुलांना स्वतःबद्दल हे आठवत नाही, कारण त्यांना ते काम वाटलेलंच नसतं. ते तुम्ही पाहिलेलं आहे. तुमचं खरं काम इथं आहे. त्यांचं वाक्य लिहून देऊ नका, त्यांना आठवण करून द्या.

वाक्य लिहून देण्याचा मोह हल्ली एआयनं फारच सोपा केला आहे. एका मुलाच्या रेझ्युमेत 'स्पिअरहेडेड' होतं. मी अर्थ विचारला, तो गप्प. तो खोटारडा नव्हता. कॉलेजच्या फेस्टमध्ये त्यानं खरंच जेवणाची व्यवस्था बघितली होती. पण त्या झुलीखाली तो दिसेनासा झाला होता. मी त्याला म्हटलं, आधी मराठीत सांग काय केलंस. तो म्हणाला, "सहाशे जणांचं जेवण होतं, केटरर आदल्या रात्री पळाला, मी दुसरा शोधला." मग हेच साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यात लिहिलं. एआयकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही. मात्र मुलाखतीत ज्याचं स्पष्टीकरण देता येत नाही, असा एकही शब्द कागदावर नको. इंग्रजी मोडकं असण्यापेक्षा उसनं असणं जास्त लवकर कळतं.

राहिला घरातला एक विषय. रेझ्युमेत 'स्पर्धा परीक्षेची तयारी, नंतर थांबवली' असं खरं लिहायचं मुलगा कबूल करतो. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही पार्किंगमध्ये जोशीकाकांना सांगता, "त्याचं अजून चालू आहे हो, यंदा होईल." तो जिना चढताना ऐकतो. कागदावर खरं आणि घराबाहेर वेगळं, असं दोन्ही पेलत तो मुलाखतीला जातो. तिथं "चार वर्षं काय केलंत?" असा साधा प्रश्न येतो आणि तो चोरी पकडल्यासारखा घाबरतो. समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतोय.

गणपतीत पाहुणे येतील. आरती झाली की कुणीतरी विचारेलच, "मग, काय करतो हल्ली?" मुलगा खोलीतच असेल. तेव्हा रेझ्युमेतलीच ओळ म्हणा : "चार वर्षं राज्यसेवेची तयारी केली, दोनदा पूर्व निघाली, आता नोकरी शोधतोय." पुढे 'नशीब' वगैरे काही जोडू नका. आणि पाहुण्यांची कंपनी कुठली, तिथं जागा आहेत का, हे तुम्ही विचारू नका. ते त्याला विचारू द्या.